इमारतीचे शब्द: पायापासून पाहणीच्या अहवालापर्यंत



परिसर अभ्यासात निवारा शिकवताना आपण झोपडी, कौलारू घर, बंगला, उंच इमारत अशी चित्रं दाखवतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. मीही बरीच वर्षं तसंच केलं. माझ्या वर्गातली जवळपास निम्मी मुलं बांधकामावर काम करणाऱ्या आई-बाबांची आहेत. शाळेच्या आजूबाजूला दुकानांच्या, ऑफिसांच्या इमारती उठताहेत आणि ही मुलं त्या रोज चढताना बघतात. त्यांना जे शब्द येतात ते मला येत नव्हते. हे मला कळलं ते मात्र वर्गात नाही, घरच्या एका व्यवहारात.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासाठी एक गाळा घ्यायचं ठरवलं. १८ वर्षं जुनी व्यापारी इमारत, तळमजला आणि वर तीन मजले. किंमत १९ लाख. वडिलांचे निवृत्तीचे पैसे, भावजयीचं थोडं सोनं आणि उरलेलं बँकेचं कर्ज असा मेळ बसवला होता. ५१ हजार इसार देऊन झाला होता. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून एका इंजिनिअरकडून इमारतीची पाहणी करून घेतली. त्यांचा ११ पानांचा अहवाल आला, इंग्रजीत. भावाने तो माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "ताई, तू शिक्षिका आहेस ना? वाच आणि सांग, घ्यायचा का नाही."

मी वाचला. अक्षरं सगळी वाचली, अर्थ काही लागला नाही. शब्दकोश काढला तर 'हनीकोंब' म्हणजे मधाचं पोळं. भाऊ म्हणाला, "तिथे मधमाश्या आहेत का?" आम्ही हसलो, पण वडील हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्याला न्यायला आले. ते नांदेडकडचे, गवंडीकाम करतात. धीर करून त्यांनाच विचारलं. मी अहवालातलं वर्णन मराठीत सांगायची आणि ते म्हणायचे, "हां बाई, म्हणजे माल पोकळ राहिलाय," किंवा "म्हणजे सळईवरचं कव्हर सुटलंय." अर्ध्या तासात अर्धा अहवाल समजला. म्हणजे शब्द होते, फक्त वेगळ्या माणसाकडे वेगळे होते.

त्या दिवसापासून मी एक वही केली. तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात कामावरचा माणूस काय म्हणतो, दुसऱ्यात इंजिनिअर काय म्हणतो, तिसऱ्यात सरकारी कागदावर काय लिहिलेलं असतं. एकाच वस्तूला तीन नावं असतात आणि घेणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तिन्ही माहीत नसतात. आजचा पाठ त्या वहीतूनच लिहिते आहे. चला तर मग, खालून सुरुवात करू.

भार कुठून कुठे जातो

आजकालची दुकानांची इमारत म्हणजे बहुतेक आर.सी.सी. सांगाडा. सगळ्यात वर पसरलेली सपाट स्लॅब. स्लॅबचं वजन बीमवर येतं, बीमचं कॉलमवर, कॉलमचं खाली फुटिंगवर आणि तिथून जमिनीत. जुन्या वाड्यात बीमच्या जागी तुळई असायची आणि कॉलमच्या जागी लाकडी खांब. दोन तुळयांमधल्या जागेला 'खण' म्हणत, म्हणून 'चार खणांचं घर' असं घर मोजायचे. गाळा हा शब्दही दोन खांबांमधली मोकळी जागा या अर्थाने वापरला जातो. म्हणजे दुकानाला गाळा म्हणताना आपण नकळत इमारतीच्या सांगाड्याबद्दलच बोलत असतो. मला स्वतःला हे फार आवडलं.

जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतचा भाग म्हणजे जोतं. इंजिनिअर त्याला प्लिंथ म्हणतात. पावसाळ्यात दुकानात पाणी शिरणार की नाही हे जोत्याच्या उंचीवर ठरतं. रस्त्यावर दरवेळी नवा थर पडत गेला की जोतं आपोआप बुटकं होत जातं. जुन्या बाजारपेठेतली दुकानं रस्त्यापेक्षा खाली गेलेली दिसतात ती यामुळेच.

आता महत्त्वाचं. सांगाड्याच्या इमारतीत मधल्या विटांच्या भिंती फक्त आडोसा करतात, वरचा भार त्यांच्यावर नसतो. चार इंची भिंत, सहा इंची भिंत असं कामावर म्हणतात ती हीच. पण जुन्या दगड-विटांच्या इमारतीत सांगाडा नसतोच, भिंतच भार घेते. तिला भारवाही भिंत म्हणतात. पहिल्या प्रकारची भिंत काढली तर खोली मोठी होते. दुसऱ्या प्रकारची काढली तर वरचे मजले कशावर उभे राहणार?

दुकानदाराला नेहमी मोकळी जागा हवी असते. समोर काच हवी, मध्ये अडथळा नको. त्यामुळे व्यापारी इमारतीत सगळ्यात जास्त छेडछाड तळमजल्यावर होते आणि नेमका तळमजल्याच्या कॉलमवरच सगळ्या मजल्यांचा भार एकवटलेला असतो. २५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर आधी नर्सिंग होम होतं आणि त्या जागेत फेरबदल चालू होते, खांबांना हात लावला गेला, असा आरोप तेव्हा झाला. मुलांना हे सांगताना मी आकडा सांगते, बाकी तपशील टाळते. पण कॉलम आणि भिंत यातला फरक त्यांना वर्गात उभं करून दाखवते. चार मुलं कॉलम, त्यांच्या हातांवर पुठ्ठा म्हणजे स्लॅब, पुठ्ठ्यावर वह्या. मधली मुलं म्हणजे भिंत, ती बाजूला झाली तरी काही होत नाही. एक कॉलम खाली बसला की वह्या घसरतात आणि सगळा वर्ग ओरडतो. हा खेळ पाच मिनिटांचा आहे, नक्की घ्या.

माल, सूत, ब्रास

कामावर काँक्रीटला 'माल' म्हणतात. "माल आला का?", "माल पातळ झालाय." सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचं ते मिश्रण. नदीची वाळू महाग झाल्यापासून दगड भरडून केलेली क्रश सँड जास्त दिसते. अहवालात आणि नकाशावर 'एम-२०', 'एम-२५' असं लिहिलेलं असतं. यातला एम म्हणजे मिश्रण आणि २० म्हणजे २८ दिवसांनंतर त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरने निदान २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. मुलांसाठी सोपं करायचं तर एक चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलो. नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल! सळई घालून केलेल्या बांधकामाला निदान एम-२० तरी हवं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. त्याचं ढोबळ प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी.

हे तपासण्यासाठी स्लॅब टाकताना त्याच मालाचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवतात. त्यांना क्यूब म्हणतात. २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. एम-२० चा ठोकळा सुमारे ४५ टनांच्या आसपास तग धरायला हवा. माझ्या एका विद्यार्थ्याला वाटायचं की हे ठोकळे साहेबांच्या टेबलावर पेपर उडू नये म्हणून असतात. त्याने एका ऑफिसात तसं पाहिलं होतं, त्यामुळे त्याचंही चूक म्हणता येत नाही.

माल ओतल्यावर त्याला 'पाणी मारायचं' असतं. इंजिनिअर याला क्युरिंग म्हणतात. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. काँक्रीट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं म्हणजे सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून पाणी तुटलं की ताकद अपुरी राहते. वरून दिसायला सगळं सारखंच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टँकरच्या पाण्यावर बांधकामं चालतात, तिथे सगळ्यात आधी काटकसर होते ती या पाण्याची.

माल ओतण्याआधी फळ्या किंवा लोखंडी पत्र्यांचा साचा उभा करतात, ते सेंट्रिंग. कामगारांच्या तोंडी शेंट्रिंग. खाली टेकू लावतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांआधी, असं मानकात आहे. पण टेकू भाड्याचे असतात आणि भाडं दिवसावर चढतं. बाकी काय ते तुम्ही ओळखा.

सळईचं माप आजही सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ मिलिमीटरची सळई म्हणजे अडीच सूत, दहाची तीन सूत, बाराची चार सूत, सोळाची पाच सूत. भागून बघितलं तर हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दुकानात आणि कामावर हेच चालतं. वजन काढायची युक्ती सातवीच्या मुलांना जरूर द्या. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, एक मीटर सळईचं किलोतलं वजन मिळतं. बाराचा वर्ग १४४, भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. मुलांनी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं तेव्हा दोन पालकांनी मला निरोप पाठवला की हे बरोबर आहे, पण आम्ही तोंडपाठ ठेवतो.

वाळू-खडी मोजायची ती ब्रासने. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग डोळ्यापुढे आणा. पण गिलाव्याचा किंवा रंगाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एकच, एकदा घनफळ आणि एकदा क्षेत्रफळ. गणिताच्या तासाला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

कॉलम-बीममधल्या सळया आणि बाहेरचा पृष्ठभाग यांच्यात जो काँक्रीटचा थर असतो तो 'कव्हर'. सळई साच्याला चिकटू नये म्हणून खाली सिमेंटच्या छोट्या वड्या ठेवतात. कॉलमला निदान ४० मिलिमीटर, फुटिंगला ५०. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माल सळयांच्या गर्दीत नीट उतरला नाही, व्हायब्रेटर फिरवला नाही, की आत पोकळ्या राहतात आणि खडी उघडी दिसते. तेच अहवालातलं मधाचं पोळं.

गिलाव्याच्या कामातले शब्द मुलांना आधीच माहीत असतात: थापी, रंधा, करणी, भिंत सरळ उभी आहे का बघायला ओळंबा, आडवी पातळी बघायला पाणसळ, काटकोनाला गुण्या. भूमितीत गुण्या शिकवताना कंपासपेटीतलाच दाखवायचा असा काही नियम नाही. मी एका पालकांचा खराखुरा लोखंडी गुण्या मागून आणला होता. वर्गाचा कोपरा काटकोनात नाही हे मुलांनीच शोधून काढलं आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलंही.

भेग वाचायला शिका

आता पाहणीकडे येऊ. इंग्रजी अहवालात सगळ्याला 'क्रॅक' हा एकच शब्द. मराठीत आपल्याकडे चीर आहे, भेग आहे, तडा आहे. पण आपण ते कसेही वापरतो. गवंडी वापरत नाही. त्या पालकांनी मला सांगितलं, "बाई, भेग किती मोठी ते नंतर. आधी ती कुठं आहे अन् कुठल्या दिशेला चाललीय ते बघा."

गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर बहुधा त्या गिलाव्यापुरत्याच, पाणी कमी मारल्याच्या. बीमच्या खाली भिंत जिथे संपते तिथे आडवी सरळ चीर दिसते, ती विटा आणि काँक्रीट या दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याची. दिसायला वाईट, पण सहसा घाबरण्यासारखी नाही. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पाया कुठेतरी खचल्याची असू शकते. आणि कॉलमच्या कडेने उभी, किंवा बीमच्या खालच्या बाजूने लांबीला समांतर जाणारी भेग दिसली तर आतली सळई गंजायला लागली असं समजून इंजिनिअरला बोलवायचं.

ही शेवटची भेग कशी होते ते मुलांना सांगण्यासारखं आहे. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू आत झिरपतो आणि तो गुण कमी करत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. कव्हर पातळ असेल तर ही क्रिया लवकर सळईपर्यंत पोचते. मग ओल आली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळई जणू आतून फुगते आणि कव्हर फोडून बाहेर ढकलते. आधी भेग, मग पोपडा, मग खपल्या. हेच ते 'स्पॉलिंग'.

ते तपासायची रीत आपल्या प्रयोगशाळेतलीच आहे. काँक्रीटचा ताजा तोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फथॅलीन फवारतात. गुलाबी झाला तर काँक्रीट अजून राखण करतंय, रंग आला नाही तर तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलं. आम्ल-आम्लारीच्या धड्यात आपण हे दर्शक बाटलीत दाखवतो. त्याच थेंबावर एखाद्या इमारतीचं भवितव्य बघतात हे कळल्यावर मुलं तो प्रयोग वेगळ्या डोळ्यांनी करतात.

आणखी दोन-तीन शब्द. हातोडीने हलकेच ठोकून बघतात. चांगला भाग टणटण वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. तो पृष्ठभागावर आपटून किती मागे उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज करतात. गिलावा काढून काँक्रीटवरच तो मारायचा असतो, गिलाव्यावर मारलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहर आरपार पाठवतात, आत पोकळी असेल तर तिला उशीर लागतो. भिंतीवर पांढरी भुकटी आली असेल तर खार फुटलाय, म्हणजे पाणी कुठून तरी फिरतंय. गच्चीवरचा कोबा आणि कठड्याच्या कडेचा गोलसर वाटा फुटला की खालच्या मजल्यावर गळती ठरलेली.

भेग वाढते आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची. जुने लोक भेगेवर आडवी काच चिकटवून ठेवत. काच तडकली की भेग जागी आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या भेगेवर आमच्या मुलांच्या तीन तारखा आहेत. ती अजून तिथेच थांबली आहे.

कागदावरचे शब्द

यातले शब्द कोरडे आहेत, म्हणून थोडक्यात सांगते, पण फसवणूक इथेच जास्त होते. कार्पेट म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतली वापरायची जागा. २०१६ च्या रेरा कायद्यात तिची व्याख्या आहे आणि आतल्या आडभिंतींनी व्यापलेली जागा तिच्यात धरतात. बिल्टअपमध्ये भिंतींची जाडी आली. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, वाट यांतला वाटाही जोडतात. माझ्या भावाला 'दोनशे फुटांचा गाळा' सांगितला होता. मी आणि माझ्या मुलीने टेप लावून मोजला तर आत १३८ चौरस फूट भरला. कोणी खोटं बोललं नव्हतं, फक्त शब्द वेगळा धरला होता.

चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधायची परवानगी आहे, बोलीत एफएसआय. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे काम झालं, आता इमारत वापरायला हरकत नाही, असा स्थानिक संस्थेचा दाखला. गाळ्यात पोटमाळा दिसला तर तो मंजूर नकाशात आहे का हे आधी विचारायचं. नव्या इमारतीत ताबा घेतल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असं रेरा सांगतो. आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. आगीच्या सोयींबद्दलचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर ३ वर्षांनी करायला सांगितलं आहे. मुंबईत महापालिका इमारतींची वर्गवारी करते. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. मधले दोन वर्ग दुरुस्तीचे. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. वर्तमानपत्रात 'सी-१ इमारती' असं वाचलं की आता कळेल.

अहवालातली एक ओळ

आता पुन्हा त्या ११ पानांकडे. पहिल्या पानावर लिहिलं होतं की ही 'दृश्य पाहणी' आहे, म्हणजे काही न फोडता, न उघडता जेवढं डोळ्यांना दिसलं तेवढंच. पुढे प्रत्येक कॉलमला क्रमांक देऊन तक्ता होता. बहुतेकांपुढे 'समाधानकारक'. दोन ठिकाणी बारीक भेगा, एका बीमला मधाचं पोळं. आणि सातव्या पानावर कॉलम सी-७ पुढे दोनच शब्द होते, 'नॉट ॲक्सेसिबल'.

मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढे गेले होते. मला वाटलं तिथे काही दोष नाही. त्या पालकांना तक्ता वाचून दाखवत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "बाई, याचा अर्थ काय?" मी म्हटलं, तिथपर्यंत पोचता आलं नाही. ते म्हणाले, "मग तो खांब बगितलाच नाही की कुणी."

सी-७ हा आमच्या गाळ्यातलाच, मागच्या कोपऱ्यातला कॉलम. त्याला आधीच्या दुकानदाराने खालपासून वरपर्यंत प्लायवुडची पेटी करून वर आरसा लावला होता. दिसायला छान दिसत होतं. इंजिनिअरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की मला दिसलं नाही. 'ठीक आहे' आणि 'बघता आलं नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण तक्त्यात दोन्ही रकाने सारख्याच अक्षरात छापलेले असतात. अहवाल हातात आला की आता मी आधी असे रकाने शोधते: पाहता आले नाही, उघडलेले नाही, चाचणी केलेली नाही.

भावाने मालकांना पेटी उघडायला सांगितली. ते आधी हो म्हणाले, मग सणाचं निमित्त झालं, मग सुतार मिळेना. पंधरा दिवस गेले. शेवटी वडील स्वतः गेले आणि म्हणाले, "आरसा फुटला तर मी भरून देईन, पण उघडा."

पेटी काढल्यावर आत गिलावा दिसला, ताजा, बाकी भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा. इंजिनिअरांनी हातोडीने ठोकलं, बद्द वाजला. थोडा काढल्यावर कॉलमच्या कोपऱ्याने हात घालता येईल अशी उभी भेग होती आणि आत सळई खपल्या सुटून बारीक झालेली. रिंगा दोन ठिकाणी तुटलेल्या. मागच्या बाजूला वरच्या मजल्याच्या संडासाचा पाईप होता, तो कित्येक वर्षं झिरपत असणार. कोणीतरी वरून गिलावा मारून, प्लायवुड लावून विषय मिटवला होता. त्या कॉलमवर तीन मजले होते. वर एक क्लास चालतो, संध्याकाळी तिथे पन्नास-साठ मुलं असतात.

भावाने व्यवहार सोडला. इसारातले ४० हजार चार महिन्यांनी, बऱ्याच फेऱ्यांनंतर परत मिळाले. अकरा हजार गेले. त्याने आता स्टँडजवळ भाड्याने जागा घेतली आहे. अहवालाची प्रत आम्ही त्या इमारतीच्या संस्थेला आणि नगरपरिषदेला नोंद करून दिली. संस्थेच्या सभेत दोन गाळेधारक आमच्यावर चिडले की बाहेरच्या माणसाने आमच्या इमारतीचं नाव खराब केलं. क्लासवाल्या सरांनी मात्र दुसऱ्या दिवशीपासून मुलं खालच्या शाळेच्या हॉलमध्ये बसवली. पुढे टेकू लागले आणि दिवाळीनंतर दुरुस्तीचं काम निघालं.

वर्गात घ्यायचा उपक्रम

मुलांना घरी जाऊन बांधकामाचे पाच शब्द विचारून आणायला सांगा. जे बांधकामावर नाहीत त्यांनी आजी-आजोबांना जुन्या घराचे शब्द विचारावेत: ओसरी, पडवी, माजघर, कडीपाट, उंबरा. मग फळ्यावर तीन रकाने काढा. एकाच वस्तूची नावं समोरासमोर येऊ द्या. मोकळे रकाने मोकळेच ठेवा, पुसू नका. नंतर शाळेच्या इमारतीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक गटाने एक भेग, एक ओल आणि न दिसणारी एक जागा लिहून आणायची. न दिसणारी जागा म्हणजे कपाटामागची भिंत, पाण्याच्या टाकीखालचा भाग, फलकामागचा कॉलम. आमच्या वर्गाने अशा नऊ जागा शोधल्या.

जानेवारीत या उपक्रमाच्या दिवशी त्या नांदेडकडच्या पालकांचा मुलगा एक नवीन शब्द घेऊन आला. त्याच्या बाबांना त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर काम मिळालं होतं. जुन्या कॉलमभोवती नव्या सळया बांधून त्यावर काँक्रीटचा नवा थर चढवतात, त्याला इंजिनिअर 'जॅकेटिंग' म्हणतात. त्याने फळ्याजवळ येऊन पहिल्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खांबाला जाकीट'. मी दुसऱ्या रकान्यात 'जॅकेटिंग' लिहिलं. तिसरा रकाना अजून मोकळा आहे. सरकारी कागदावर याला काय म्हणतात हे कोणाला ठाऊक असेल तर कळवा, मुलं वाट बघताहेत.